पेशकाराने आणलेल्या काड्या

डोमाजी तीस वर्षं कचेरीत चपराशी होता आणि त्या तीस वर्षांत त्याला एकदाही निकाल देता आला नव्हता. ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. साहेब येत, दोनतीन वर्षांनी बदली होऊन जात. डोमाजी दाराशी स्टुलावर बसून सगळं ऐके आणि साहेबांच्या आधी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा होई. साहेबांचा निकाल त्याच्याशी जुळला तर साहेब हुशार, नाही जुळला तर साहेब अजून नवीन आहेत, असं त्याचं सरळ म्हणणं. नोकरी संपली, स्टूल गेलं, पण निकाल द्यायची खाज काही गेली नाही. ती तो आता शेजाऱ्यांवर भागवत असे.

बालाघाट शहर संपून वैनगंगेकडे गाडीरस्ता उतरतो, त्या टोकाला त्याचं घर होतं. बासष्ट-त्रेसष्टचं साल असेल. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा गोंदियाला रेल्वेत. घरात डोमाजी आणि पेशकार, असे दोघेच. पेशकार म्हणजे कुत्रा. कचेरीत साहेबांच्या बाजूला बसून तारखा देणारा जो कारकून असतो त्याला पेशकार म्हणतात, आणि त्या कारकुनाने डोमाजीला तीस वर्षं 'डोमा, पाणी आण, डोमा, फाइल ने' करून पळवलं होतं. त्यामुळे पिवळट रंगाचं, एक कान पडलेलं हे पिल्लू दारात आलं त्याच दिवशी त्याचं नाव ठरलं. "पेशकार, ऊठ!" "पेशकार, बाहेर हो!" असं सकाळी मोठ्याने म्हटलं की डोमाजीचा दिवस चांगला जाई.

म्हाताऱ्याचे नियम फार. हिरवी फांदी तोडायची नाही, चुलीला फक्त गळून पडलेली वाळकी काटकी. भांडी विसळलेलं पाणी वालाच्या वेलाला. नदीवर कोणी जेवणावळ घातली आणि पत्रावळी तशाच टाकून गेले की हा दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन हजर, बडबडत सगळ्या गोळा करणार आणि घरामागच्या खताच्या खड्ड्यात टाकणार. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे शेण जाळायचं नाही. "माती मांगते ते, अन् तुमी चुलीले चारता!" असं तो वस्तीतल्या बायकांना ऐकवायचा. बायका हौ हौ म्हणायच्या आणि घरी जाऊन गोवऱ्या थापायच्या.

तर शेण सगळ्यांनाच लागे, कुणाला चुलीसाठी, कुणाला सारवायला, डोमाजीला मातीसाठी. आणि त्याचा एक कायदा होता. सकाळी वस्तीचा गुराखी, फकिरा गायकी, सगळी गुरं चिंचेखाली गोळा करायचा आणि नदीपलीकडच्या रानाकडे हाकत न्यायचा. त्याच्या मागून शेण गोळा करणारे निघत. जाताना काही उचलायचं नाही. शेणाचा पो दिसला की त्यात आपली काडी उभी खोवायची आणि पुढे चालायचं. काडी उभी म्हणजे तो पो त्या माणसाचा. नदीच्या उतारापर्यंत जायचं, तिथून परतताना आपापल्या काडीचं शेण टोपलीत भरत यायचं, म्हणजे भरली टोपली दोनदा वाहावी लागत नाही. काडी नसेल तो पो ज्याला दिसेल त्याचा. हा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, तरी तो मोडला असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

डोमाजी काडी खोवत नसे. तो पळसाचं पान ठेवून वर खडा ठेवायचा, कारण चार लोकांसारखं काही करायचं म्हणजे त्याच्या जिवावर येई. आणि त्या वर्षी आणखी एक वेगळी खूण रस्त्यावर दिसू लागली. शेणात दाबलेली तीन बोटं.

ती सीताची. विमलाबाईची सून, दिवाळीआधी राजेगावहून आलेली. राजेगावात अशीच तीन बोटं दाबतात, असं ती म्हणाली आणि बायका हसल्या. नवरा घनश्याम पहाटेच डबा बांधून सायकलने भरवेलीच्या खाणीवर जाई, तो दिवेलागणीला परते. मधला सगळा दिवस सीता आणि सासू. विमलाबाई वाईट नव्हती, पण सुनेचा हात रिकामा दिसला की तिला काम आठवायचंच. पाणी झालं की दळण, दळण झालं की तांदूळ निवडणं. फक्त विमलाबाईचे गुडघे दुखत म्हणून शेणाचा सकाळचा एक तास सीताच्या वाट्याला आला होता.

त्या एका तासात सीता वेगळीच मुलगी असायची. डोमाजीने ते रोज पाहिलं होतं. वस्ती नजरेआड झाली की तिचा डोक्यावरचा पदर खांद्यावर यायचा. मग ती पेशकाराला म्हणायची, "चाल रे, पाहू कोन पयले पोहोचते," आणि रिकामी टोपली बगलेत मारून उतारावरून नदीपर्यंत पळत सुटायची. पेशकार जिंकायचा आणि परत येऊन तिच्याभोवती गोल गोल फिरायचा. वस्तीतली तिची ओळख काय ती या कुत्र्याशीच. डोमाजी हात मागे बांधून हळूहळू जायचा आणि पळणाऱ्या सुनेला काय म्हणावं हे न सुचून काहीच म्हणायचा नाही.

पौषाच्या थंडीत भानगड सुरू झाली. काड्या नाहीशा होऊ लागल्या.

पहिल्यांदा चंपाबाईच्या गेल्या. चंपाबाई म्हणजे वस्तीतला सगळ्यात मोठा आवाज. ती चिंचेखाली बोलली की रेल्वे फाटकावर ऐकू जाई. जाताना तिने सात पो धरले होते, येताना तीनच काड्या उभ्या. बाकीचं शेण बिनकाडीचं म्हणून ज्याला दिसलं त्याने कायद्याने उचललं होतं. दुसऱ्या दिवशी इतर बायकांच्याही गेल्या. आठ दिवसांत असं झालं की सकाळी एकमेकींना राम राम करायच्या आधी बायका एकमेकींच्या टोपल्यांत पाहू लागल्या.

इकडे डोमाजी मात्र खुशीत होता. त्याने पेशकाराला एक कला शिकवली होती. वाळकी काडी तोंडात धरून आणली की गुळाचा खडा. महिनाभर मेहनत घेतली तेव्हा कुठे कुत्र्याच्या डोक्यात शिरलं, पण शिरलं ते असं की आता रोज डोमाजी घरी पोहोचायच्या आत उंबऱ्यावर पाचसहा काड्या पडलेल्या असत, आणि बाजूला गुळाची वाट पाहत पेशकार. काड्याही कशा, सगळ्या वीतभर, सरळ, वाळलेल्या. एका टोकाला काहीतरी चिकटलेलं असायचं, पण कुत्रा खताच्या खड्ड्यावर जातो म्हणून असेल, असं म्हणून डोमाजी त्या चुलीत सारायचा आणि चहा ठेवायचा. "हिरव्या झाडाले हात नाही लावला, पाहा," तो पेशकाराला सांगायचा. "नाहीतर लोक! फांद्याच्या फांद्या तोडतात!"

शेवटी चंपाबाईने सगळ्यांना चिंचेखाली अडवलं.

"डोमाजी भाऊ, तुमी कचेरीतले मानूस. आज याचा फैसला कराच. चोर याच रस्त्यावर आहे."

तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं शेणाच्या टोपल्यांमध्ये समोर येऊन उभं राहिलं. डोमाजीने मफलर नीट केला, चिंचेच्या मुळावर बसला आणि घसा खाकरला. फकिरा गुरं थांबवून काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. असला तमाशा सोडून रानात कोण जातो?

"कोनाकोनाच्या काड्या गेल्या?" डोमाजीने विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. एक हात वर झाला नाही.

"सुनबाई, तुह्यं काही गेलं नाही?"

"नाही, मामाजी," सीता म्हणाली. "मी तं बोटं दाबतो. बोटं कोन नेईन?"

"अन् टोपली तं रोज भरते तुही," चंपाबाई म्हणाली.

"बिनकाडीचं दिसलं तं उचलतो. सगळेच उचलतात."

डोमाजीला आपल्या बुद्धीचा अभिमान वाटला. सरळ होतं. जिचं काही जात नाही आणि जिची टोपली भरते, ती. त्यात नवीन आलेली, खूणही परगावची. कचेरीत याहून कमी गोष्टींवर त्याने मनात माणसं आत पाठवली होती.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "सुनबाईनं पंधरा दिवस या रस्त्यावर पाय ठेवाचा नाही."

सीताने पदर पुढे ओढला. तिचा आवाज चढला नाही. "मामाजी, तुमचं पान बी तं रोज शाबूत राह्यते. तुमची टोपली बी भरते."

फकिरा खोकल्याचं निमित्त करून हसला. डोमाजीचे कान तापले. ज्याने तीस वर्षांत कुणाचा चहासुद्धा घेतला नाही त्याला कालची पोर असं बोलते! "वीस दिवस," तो म्हणाला.

सीताने टोपली पालथी करून झटकली आणि घराकडे वळली. पेशकार तिच्या मागे काही पावलं गेला, मग थांबून डोमाजीकडे पाहू लागला. डोमाजीने त्याला जोरात हाक मारली.

दुसऱ्या दिवशी रस्ता होता तसाच होता, गुरं होती, थंडी होती. उतारावर कुणी पळालं नाही एवढंच. विमलाबाईने शरमेने दार लावून घेतलं होतं आणि आतून सकाळपासून मुसळाचे ठोके ऐकू येत होते. डोमाजीला वाटलं, कायद्याचा मान राहिला. पण ते ठोके मोजायचे नाहीत असं ठरवूनही तो मोजत बसला.

आणि चौथ्या दिवशी चंपाबाईच्या पाच काड्या गेल्या.

"आता सांगा!" ती कडाडली. "पोरगी घरात, अन् काड्या गायब! मंग कोन, भूत?"

डोमाजीला रात्री जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी सगळे नदीकडे गेले तेव्हा तो मध्येच पळसाच्या झुडपाआड बसला. थंडीने गुडघे धरले, नाकातून पाणी आलं, पण तो हलला नाही. बायका पुढे गेल्या. रस्ता रिकामा झाला. थोड्या वेळाने नदीकडून पेशकार एकटाच परत आला.

त्याची घाई नव्हती. पहिल्या पोजवळ तो थांबला, मान तिरकी केली, शेणाला नाक लागू नये म्हणून ओठ मागे घेतले आणि दातांच्या टोकांनी काडी अलगद उपसली. पुढच्या पोवर पळसाचं पान होतं, ते त्याने हुंगून सोडलं. तीन काड्या झाल्यावर तोंडात मावेनात तेव्हा त्याने त्या खाली ठेवल्या, नीट केल्या आणि चौथीसकट उचलल्या. मग शेपटी वर करून, कचेरी सुटल्यावर खरा पेशकार निघायचा तशा तोऱ्यात, तो घराकडे निघाला.

डोमाजी झुडपाआडून उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्यामागे पळाला. उंबऱ्यावर चार काड्या ओळीने पडल्या होत्या. एकीला टोकाशी लाल चिंधी बांधलेली. चंपाबाईने कालच सगळ्यांना दाखवून बांधली होती ती. पेशकार गूळ मागत होता. डोमाजी चुलीकडे पाहत राहिला. पंधरा दिवसांचा सगळा पुरावा त्याने स्वतः जाळला होता, वर त्याच्यावर चहा करून प्यायला होता.

"नालायका," तो पेशकाराला म्हणाला. पेशकाराने शेपूट हलवली. शिकवलं कुणी होतं? डोमाजी मटकन खाली बसला.

दिवसभर त्याने स्वतःशी वाद घातला. चिंधी चुलीत टाकली की संपलं. गूळ बंद केला की कुत्रा आठ दिवसांत विसरेल, काड्या जाणं थांबेल, लोकही विसरतील. आणि पोरीचे वीस दिवस? ते काय, निघून जातील. त्यात मोठं काय आहे? एक तास तर जातो तिचा. असं त्याने स्वतःला तीनदा सांगितलं आणि तीनदा त्याला ती पदर खांद्यावर टाकून उतारावरून पळणारी दिसली. मग त्याला स्वतःची अशी लाज वाटली की त्याने संध्याकाळी दिवा लावायचाही आळस केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चिंचेखाली सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिला. एका हातात चार काड्या, दुसऱ्या हातात पेशकाराच्या गळ्यातली दोरी.

"चोर सापडला," तो म्हणाला. "हा चोर, अन् मी त्याचा मास्तर."

त्याने सगळं सांगितलं. गूळ सांगितला, चूल सांगितली, चहासुद्धा सांगितला. चंपाबाईने चिंधीची काडी हिसकावून घेतली, "माही! ही माहीच!" म्हणाली आणि मग तिला जे हसू आलं ते आवरेना. "पंधरा दिवस माह्या काड्यायवर चाय पेला भाऊ तुमी! मले एक कप नाही पाजला!" बायका टोपल्या ठेवून हसल्या. फकिराच्या दोन गाई त्या गडबडीत कुणाच्या तरी वालात शिरल्या.

डोमाजी हसला नाही. तो तडक विमलाबाईच्या दारात गेला, मागून सगळी वस्ती. सीता राखेच्या हातांनी बाहेर आली, मागे विमलाबाई.

"सुनबाई, मी चुकलो," डोमाजी सगळ्यांसमोर म्हणाला. "तू त्या दिवशी बरोबर बोलली होतीस, मले राग आला म्हून पाच दिवस वाढवले. आता फैसला तू कर."

"जाऊ द्या न भाऊ," विमलाबाई घाईने म्हणाली. "मोठ्या मानसाले का शिक्षा देतात?"

चंपाबाईही म्हणाली की झालं ते झालं. पण सीता विचार करत होती. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"मी पाच दिवस घरात बसली, मामाजी. तुमी बी पाच दिवस बसा. रस्त्यावर पाय ठेवाचा नाही." ती खाली वाकली आणि दोरी त्याच्या हातातून काढून घेतली. "कुत्र्याले शिक्षा नाही. थो शिकवल्याबरहुकूम वागला."

"मंजूर," डोमाजी म्हणाला.

शिक्षेच्या पहिल्या सकाळी त्याला नेहमीच्या वेळी जाग आली. गुरांच्या गळ्यातल्या घाटरांचा आवाज चिंचेपासून सुरू झाला आणि दूर गेला. सीता आली, त्याची टोपलीही बरोबर घेतली आणि पेशकाराला हाक मारली. पेशकार असा गेला की त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. डोमाजीला ते फार लागलं. तो ओट्यावर बसला. आत गेला. पुन्हा बाहेर आला. वालाला पाणी घातलं, जे कालच घातलं होतं. नदीकडून धुकं उठत होतं आणि त्या धुक्यात कुठेतरी आपण सोडून सगळे आहेत, एवढंच त्याला कळत होतं. सूर्य हातभरही वर आला नव्हता. एका तासात इतका वेळ असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ही पोर असे पाच दिवस बसली होती, तेही आपल्या हुशारीपायी.

मग ती आली, दोन्ही टोपल्या भरलेल्या, गाल थंडीने तडकलेले, पेशकार मांडीपर्यंत ओला.

"पाण्यात गेला होता मेला," सीता म्हणाली. "टिटवीच्या मांगं. अन् पयलेच सांगतो मामाजी, आज मी जितली. थो टिटवी पाहत राह्यला अन् मी पोहोचली." ती टोपली ठेवून ओट्याच्या कडेला टेकली. पेशकाराने तिच्या पायावर डोकं टाकलं. ऊन नुकतंच ओट्यावर आलं होतं.

तेवढ्यात पलीकडून विमलाबाईचा आवाज आला. "सीता! अवं सीता! गुरं केव्हाची गेली, कुठं राह्यली?"

सीता दचकून उठू लागली. तिचा चेहरा उतरलेला डोमाजीने अगदी जवळून पाहिला. आणि मग, ज्याने उभ्या जन्मात खोटी साक्ष दिली नव्हती आणि देणाऱ्यांवर तीस वर्षं मनात थुंकला होता, तो डोमाजी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "इकडं आहे, विमलाबाई! कुत्र्याच्या अंगावरचे गोचिड काढून राह्यली! मले दिसत नाही, म्हून मीच बसवली!"

"बरं, काढू द्या," विमलाबाई म्हणाली.

पेशकाराच्या अंगावर औषधालासुद्धा गोचिड नव्हता. सीताने डोमाजीकडे पाहिलं, डोमाजीने वालाच्या वेलाकडे पाहिलं. मग ती पुन्हा टेकली, पाय उन्हात लांब केले आणि काहीच न करता बसून राहिली.

शिक्षा संपली तरी सकाळी परतताना ती ओट्यावर टेकायची. महिनाभराने विमलाबाईच एकदा काठी टेकत कुंपणाशी आली.

"डोमाजी भाऊ, किती गोचिड आहेत हो त्या कुत्र्याले? सरतच नाहीत!"

"लई आहेत," डोमाजी म्हणाला. "होळीपर्यंत तं काही सरत नाहीत."

विमलाबाईने ओट्यावर बसलेल्या सुनेच्या रिकाम्या हातांकडे एकदा नीट पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे पाहिलं. "मंग एक घडी मले बी बसू द्या," ती म्हणाली आणि दुखरे गुडघे सांभाळत सीताच्या बाजूला उन्हात येऊन बसली.